पायी आलेला पाहुणा

इंग्रज माणूस चालायला जातो तेव्हा तो कुठेही जात नसतो. आपल्याकडे माणूस चालतो त्याला काही तरी कारण असते. एस.टी. चुकलेली असते, डॉक्टरांनी रक्तातली साखर वाढल्याचे सांगितलेले असते, नाही तर पंढरीला विठोबा वाट पाहत उभा असतो. इंग्रजाच्या वाटेच्या शेवटी विठोबाही नसतो आणि साखरेचा रिपोर्टही नसतो. तो सकाळी नऊला एका खेड्यातून निघतो, काट्याकुट्यांतून, चिखलातून, दुसऱ्याच्या मेंढ्यांमधून दहा-बारा मैलांचा वळसा घालतो आणि संध्याकाळी पाचला त्याच खेड्यात परत येतो. याला तो ‘सर्क्युलर वॉक’ म्हणतो. आपण याला घाण्याचा बैल म्हणतो. आणि एवढ्यासाठी त्याने ऑफिसातून रीतसर रजा काढलेली असते!

माझी लेक आणि जावई मँचेस्टरला असतात. जावई मूळचा डोंबिवलीचा. म्हणजे लोकलमध्ये पाय ठेवायला जागा मिळाली तरी दिवस चांगला गेला असे मानणाऱ्यांपैकी. पण तिकडे गेल्यापासून त्याला पाय मोकळे करण्याचे व्यसन लागले आहे. एका उन्हाळ्यात आम्ही दोघे तिकडे गेलो असताना त्याने शनिवार-रविवारच्या मुक्कामांचा एक बेत आखला. “बाबा, हॉटेलं काय, कुठंही सारखीच. या जागा बघा, प्रत्येकीला स्वतःचा स्वभाव आहे.” त्याने जागा वाचून दाखवल्या : एक तुरुंग, एक जुना गोठा आणि एक मेंढपाळाची झोपडी. आमच्या सौभाग्यवतींनी हातातले भरत खाली ठेवले आणि विचारले, “जावईबापू, आमचं काही चुकलं का?”

मी मात्र खूश झालो. पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवल्यामुळे मला एक खोड लागली आहे. कुठेही मुक्काम पडला की इथे आपल्या आधी कोण झोपत होते, याची चौकशी केल्याशिवाय डोळा लागत नाही. (बायको म्हणते, चौकशी केल्यावर तर तिचा लागत नाही.) लेकीच्या घराजवळच्या वाचनालयात बसून मी जे वाचले त्यावरून एवढे लक्षात आले की, इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतल्या या गमतीदार जागा कोणी गंमत म्हणून काढलेल्या नाहीत. पायी आलेल्या माणसाला त्या देशात कोणी दारात उभे करत नसे, तिथून ही कथा सुरू होते.

१७८२ साली कार्ल फिलिप मॉरिट्झ नावाचा एक जर्मन इंग्लंडात आला. वय पंचविशीचे, पेशाने मास्तर, खिशात मिल्टनचे महाकाव्य. सगळा देश पायी बघायचा, असा त्याचा संकल्प. लंडनजवळच्या रिचमंडहून तो ऑक्सफर्डच्या रस्त्याला लागला. दमला की कुंपणाच्या सावलीत बसून मिल्टन वाचायचा. रस्त्याने जाणारे घोडेस्वार आणि गाडीवाले त्याच्याकडे अशा नजरेने पाहत की बिचाऱ्याला आपली विजार जागेवर आहे की नाही याची शंका यावी. कारण साधे होते. त्या काळच्या इंग्लंडात सभ्य माणूस घोड्यावरून जाई, नाही तर टपालगाडीतून. पायी जाणारा एक तर भिकारी, नाही तर चोर. पाय हे गरिबाचे वाहन होते, आणि जर्मनीत काही असो, इंग्लंडात ते हौसेने वापरायची पद्धत नव्हती.

खाणावळवाल्यांनीही मॉरिट्झला रस्त्यावरच्यांसारखेच वागवले. कुणी तुरुंगाच्या कोठडीसारखी खोली दिली आणि वर बक्षिसी कमी दिली म्हणून वेटर कुरकुरला. कुणी खोलीच दिली नाही. ऑक्सफर्डच्या अलीकडे एका गावात तर अंधार पडल्यावर त्याला दारातूनच पुढची वाट दाखवली. अशा रात्री अनोळखी रस्त्यावर त्याला एक पाद्री भेटला. तोही पायीच चाललेला. दोघे गप्पा मारत मध्यरात्रीच्या सुमाराला ऑक्सफर्डला पोचले, आणि पाद्रीबाबा त्याला थेट एका खाणावळीत घेऊन गेले. आत बरेच पाद्री हातात बिअरचे पेले घेऊन बायबलातल्या अडचणीच्या वचनांवर वाद घालत बसले होते. मॉरिट्झचे जंगी स्वागत झाले. दुसऱ्या दिवशी डोके इतके दुखत होते की त्याला उठवेना. एकटा पायी आलेल्याला खाट नाही. पाद्र्याच्या ओळखीने आलेल्याला बिअर. वशिला ही काही फक्त आपल्याकडची संस्था नाही, हे वाचून मला फार बरे वाटले.

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत चालण्याला प्रतिष्ठा आली ती कवींमुळे. वर्डस्वर्थ आणि कोलरिज ही मंडळी सरोवरांच्या मुलखात इतकी चालली, की चालणे हे दारिद्र्याचे लक्षण न राहता प्रतिभेचे झाले. (कवी दरिद्री असल्यामुळे दोन्ही एकदम साधले.) वर्डस्वर्थचे ग्रासमिअरमधले प्रसिद्ध घर हेसुद्धा आधी खाणावळच होती. या गृहस्थाने त्या मुलखाची वाटाडी-पुस्तिका लिहून लोकांना या या म्हटले, आणि १८४४ साली तिकडे रेल्वे आणायचे ठरले तेव्हा गिरणीकामगारांचे लोंढे येतील म्हणून तोच कडाडून विरोधाला उभा राहिला. डब्यात शिरेपर्यंत “अहो, आत सरका, आत जागा आहे” म्हणणारा आणि शिरल्यावर दाराला पाठ लावून “मागचा डबा रिकामा आहे” म्हणणारा प्रवासी आपण सगळ्यांनी पाहिला आहे. फक्त तो राजकवी असल्याचे पाहिलेले नाही. रेल्वे १८४७ साली आली. लोंढेही आले, पण सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणारे. मुक्काम करायचा तर खिसा हवा होता.

ज्यांचा खिसा होता त्यांच्यासाठी डोंगरातल्या शेतकऱ्यांनी घरे उघडली. वॉस्डेल हेड नावाचे एक टोक आहे. वर इंग्लंडातला सर्वांत उंच डोंगर स्काफेल पाइक, खाली सर्वांत खोल तळे. (सर्वांत उंच म्हणजे ९७८ मीटर. आपले कळसूबाई १६४६ आहे, पण पाहुण्याने असे हिशेब तोंडावर मांडू नयेत. शिवाय तिथला पाऊस एकदा अंगावर घेतला की उंचीचा अभिमान आपोआप उतरतो.) या वॉस्डेलला विल रिट्सन नावाचा शेतकरी खाणावळ चालवी. १८०८ साली जन्मलेला हा गृहस्थ त्या काळी इंग्लंडातला सर्वांत मोठा थापाड्या म्हणून प्रसिद्ध होता. त्याच्या शेतातले सलगम म्हणे एवढाले होत की गावकरी रविवारच्या जेवणासाठी त्यात खाण खणून तुकडे काढीत, आणि पोकळी पडली की हिवाळ्यात तिच्यात मेंढ्या बांधीत. दमून भिजून आलेल्या पाहुण्यांना शेकोटीशी बसवून हे सगळे तो अत्यंत गंभीर चेहऱ्याने सांगे. १८९० साली तो वारला. त्याच्या स्मरणार्थ त्याच खोऱ्यात थापा मारण्याची स्पर्धा भरते, आणि तिच्यात वकील व राजकारणी यांना भाग घ्यायला मनाई आहे. ते धंदेवाईक पडतात म्हणून. एकदा एका बिशपने उभे राहून “मी आयुष्यात कधी खोटं बोललो नाही” एवढेच सांगितले आणि बक्षीस नेले, असे सांगतात. हे खरे असो वा थाप, स्पर्धेच्या इतिहासात दोन्ही चालते.

पण रिट्सनच्या शेकोटीशी बसणारे कोण? प्राध्यापक, बॅरिस्टर, पैसेवाल्यांची मुले. खाली लँकेशरमध्ये कापडगिरणीत उभे राहून ज्यांचे पाय सुजत, त्यांना हे डोंगर रविवारी धूर कमी असला तर लांबून दिसत. वर्षातून एकदा गिरण्या बंद राहत, तेव्हा सगळे गाव ब्लॅकपूलच्या समुद्रावर जाई आणि वर्षभराची शिल्लक आठवड्यात उडवून परत येई. कोल्न गावचे एक पाद्री होते, थॉमस आर्थर लेनर्ड. त्यांना हे बघवेना. १८९१ साली ते आपल्या मंडळातल्या तीसेक तरुणांना घेऊन चार दिवस अँबलसाइडला गेले. सकाळी डोंगर, संध्याकाळी गाणी आणि गप्पा. एवढाच कार्यक्रम. तो इतका आवडला की दोन वर्षांत त्याची सहकारी संस्था झाली आणि १९१३ मध्ये लेनर्डसाहेबांनीच दुसरी काढली. या संस्थांनी खेड्यांतून मोठाली घरे घेतली आणि तिथे गिरणीतली पोर आणि शाळेतली मास्तरीण एका टेबलाशी जेवू लागली. घरांना शिस्त कडक होती. माझ्या बायकोने हे ऐकून विचारले, “म्हणजे आपल्या मंडळाच्या अष्टविनायक सहलीसारखं?” बरेचसे तसेच. फक्त इथे चालायचे होते.

तरीसुद्धा हे आधी नाव नोंदवून, आठवड्याचे पैसे भरून जायचे प्रकरण होते. शनिवारी दुपारी भोंगा झाला, सायकल काढली आणि निघालो, अशा पोराला रात्री पाठ टेकायला जागा नव्हतीच. ती काढली पुन्हा एका जर्मन मास्तराने. (माझ्या व्यवसायबंधूंकडे मी वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधत आहे.) रिचर्ड शिरमान १९०९ साली आपला वर्ग घेऊन सहलीला निघाले असताना वादळात सापडले आणि एका गावच्या शाळेत गवतावर मुलांना झोपवून त्यांनी रात्र काढली. मुले झोपली, मास्तर जागे. जगातल्या सगळ्या सहलींचे हेच वेळापत्रक असते. त्या जागरणात त्यांना सुचले की सुटीत शाळा रिकाम्या असतात आणि मुलांना जागा नसते, तर या दोन गोष्टींची गाठ का घालू नये? १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात पहिले कायमचे यूथ हॉस्टेल निघाले.

इंग्लंडात ही कल्पना १९३० साली आली आणि वणव्यासारखी पसरली. रात्रीचा दर एक शिलिंग. पाठीवर आपले सामान, चादरीची शिवलेली पिशवी आपली. गाडीतून येणाऱ्याला प्रवेश नाही. पायी या, नाही तर सायकलवर. मॉरिट्झला हाकलून द्यायचे जे कारण होते, तेच दीडशे वर्षांनी आत घ्यायची अट झाले! रात्री दहा-साडेदहाला दिवे बंद, पुरुषांची खोली एकीकडे, बायकांची दुसरीकडे, आणि सकाळी निघण्यापूर्वी प्रत्येकाने एक काम करायचे. कुणी बटाटे सोलायचे, कुणी जिना झाडायचा, कुणी मोरी घासायची. ही कामे वाटणाऱ्याला वॉर्डन म्हणत, आणि त्याच्यापुढे बँकेतल्या साहेबाचा आणि गिरणीतल्या पोऱ्याचा झाडू एकाच मापाचा असे. पुढे गाड्यांची बंदी उठली, कामाची प्रथाही गेली. १९३९ पर्यंत अशी सुमारे तीनशे हॉस्टेले आणि ऐंशी हजारांवर सभासद झाले होते. पहिले अध्यक्ष होते जी. एम. ट्रेव्हेलियन, इतिहासकार. व्यवसायबंधूंविषयी मी पुन्हा काही बोलत नाही.

छप्पर मिळाले. पण छपराखालून सकाळी बाहेर पडल्यावर चालायचे कुठे? इंग्लंडातले डोंगर दिसायला मोकळे दिसतात, पण प्रत्येकाला मालक असतो. मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन धुरकट शहरांच्या मधोमध किंडर स्काउट नावाचे मोठे पठार आहे. ते ड्यूक ऑफ डेव्हनशरचे होते. वर्षातले थोडे दिवस तिथे ड्यूकसाहेब आणि त्यांचे पाहुणे ग्राउस नावाचे तितरासारखे पक्षी मारीत. बाकीचे दिवस त्या पक्ष्यांची झोपमोड होऊ नये म्हणून राखणदार सोटे घेऊन उभे असत. २४ एप्रिल १९३२ रोजी, रविवारी, काहीशे तरुण हेफील्ड गावात जमले आणि गाणी म्हणत सरळ पठारावर चालून गेले. म्होरक्या होता बेनी रॉथमन, वय वीस, मँचेस्टरचा कामगार. राखणदारांशी थोडी झोंबाझोंबी झाली, एकाचा पाय मुरगळला, मंडळी वर जाऊन खाली आली. संपले.

संपले नाही. नुसते दुसऱ्याच्या जमिनीवर पाऊल टाकणे हा तिथल्या कायद्याने फौजदारी गुन्हा होत नव्हता. म्हणून दंगलीचा आरोप ठेवला. खटला डर्बीला चालला आणि आधी आरोप पक्के करायला जे पंच बसले त्यांत लष्करी अधिकारी आणि जमीनदार यांचीच दाटी होती. पाच तरुणांना दोन ते सहा महिने कैद झाली. रॉथमनला चार. डोंगर चढल्याबद्दल! आपल्याकडे परवानगीवाचून डोंगर चढणाऱ्यांची इतिहासात नावे लागली. पण ते वर किल्ला घ्यायला जात. या पोरांना वर काहीच घ्यायचे नव्हते, नुसती हवा.

मी हे सगळे सांगत असताना जावयाने मला त्या हेफील्डला नेले. खाणीच्या दगडी भिंतीवर स्मरणफलक आहे. तिथून वर किंडरला माणसे सरळ चाललेली होती. म्हातारे, पोरे, कुत्री. या शिक्षांमुळे देशभर गवगवा झाला आणि १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा आणि मोकळ्या वाटांचा कायदा झाला; १९५१ साली पहिले उद्यान झाले ते याच मुलखाचे. २००२ साली या प्रकाराला सत्तर वर्षे झाली तेव्हा त्या वेळच्या ड्यूकसाहेबांनी तिथे येऊन, आपल्या आजोबांच्या हातून मोठा अन्याय झाला, असे जाहीरपणे सांगितले. एप्रिल महिना होता. बेनी रॉथमन त्याच वर्षी जानेवारीत वारला होता.

वरच्या यादीतल्या तुरुंगाची हकीकत राहिलीच. दोन महायुद्धांच्या आगेमागे इंग्लंडात जमीनदारांची मोठाली घरे डोईजड झाली. कर भरवेना, नोकर मिळेना, छप्पर गळू लागले. ही स्थिती आपल्या कोकणातल्या आणि देशावरच्या वाड्यांना अनोळखी नाही. तिथे या वाड्यांना गिऱ्हाईक मिळाले ते चालणाऱ्या पोरांचे. डर्बीशरजवळचा आयलॅम हॉल पाडायला सुरुवातही झाली होती. १९३४ साली सर रॉबर्ट मॅकडुगल या पीठगिरणीवाल्याने तो उरलासुरला विकत घेऊन नॅशनल ट्रस्टला दिला, तिथे यूथ हॉस्टेल व्हावे म्हणून. श्रॉपशरमधली वाइल्डरहोपची गढी राणी एलिझाबेथच्या काळातली. १९३६ साली कॅडबरी घराण्याच्या विश्वस्त निधीने ती घेऊन दिली, अट तीच. म्हणजे एक हॉस्टेल पिठावर उभे आणि दुसरे चॉकलेटवर. या गढीचा मालक मेजर स्मॉलमन यादवीत राजाच्या बाजूचा. शत्रूने त्याला त्याच्याच घरात कोंडले असता तो निसटला आणि पाठलाग होताच घोड्यासकट कड्यावरून उडी टाकली. घोडा गेला, मेजर एका आंबट सफरचंदाच्या झाडात अडकून वाचला, अशी तिथली दंतकथा आहे. डरवेंट हॉलच्या नशिबी मात्र झाड नव्हते. १९३२ साली युवराजांच्या हस्ते मोठ्या थाटात तिथले हॉस्टेल उघडले, आणि दहा-बारा वर्षांत तो सबंध वाडा गावासकट लेडीबॉवर धरणात गेला. गाव पाण्याखाली जाण्याच्या गोष्टी आपल्याला समजावून सांगाव्या लागत नाहीत.

तुरुंग म्हणजे सेंट ब्रेव्हल्सचा किल्ला. वेल्सच्या सीमेवर, गर्द जंगलाच्या कडेला. जॉन राजा इथे शिकारीला येऊन राही. पुढे कर्जबुडव्यांचा तुरुंग झाला आणि १९४८ साली यूथ हॉस्टेल. आम्ही गेलो तेव्हा दुहेरी बुरुजांच्या दारातून आत शिरताना सौभाग्यवतींनी पदर सारखा केला. आत एकावर एक खाटा. भिंतींवर कैद्यांनी कोरलेली अक्षरे अजून आहेत. १६७१ साली एकाने कोरले आहे : माझ्याविरुद्ध शपथ घेतलीस, याचा जाब तुला एक दिवस द्यावा लागेल. मी ते चष्मा पुसून दोनदा वाचले. बायकोने विचारले, “काय लिहिलंय?” मी सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे भाऊबंदकीच की.” आणि त्या भिंतीकडे पाठ करून ती रात्रभर स्वस्थ झोपली. घोरण्याचा आवाज पुढच्या खोलीतल्या सायकलवाल्यांचा होता, असे तिचे म्हणणे आहे.

गोठा लँगडेलच्या खोऱ्यात. ‘ओल्ड डंजन घिल’ नावाच्या जुन्या खाणावळीत पूर्वी जिथे गाई बांधत तिथेच आता बार आहे. गव्हाणींची जागा बाकांनी घेतली आहे, एवढाच फरक. ही खाणावळ ट्रेव्हेलियनसाहेबांनी विकत घेऊन नॅशनल ट्रस्टला देऊन टाकली. (व्यवसायबंधू! पण एवढे पैसे इतिहासात कसे मिळाले, ते कळत नाही.) चिखलाचे बूट तसेच घालून आत यायला मुभा, दगडी फरशी, मोठी चूल, आणि भिजलेल्या लोकरीचा वास. गाई गेल्या तरी वास राहावा ही काळजी इंग्रजांनी घेतली आहे. पूर्वी अशा पबांची दारे दुपारभर कायद्यानेच बंद असत. पहिल्या महायुद्धात घातलेले ते निर्बंध १९८८ साली सुटले. त्याआधी दुपारी तीनला डोंगर उतरून आलेल्या माणसाने काय केले असेल? बाकावर बसून सहा वाजण्याची वाट पाहिली असेल. इंग्रजांच्या सहनशीलतेचा उगम कशात आहे, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला हा पुरावा पुरेसा वाटतो.

मग वाटा लांबत गेल्या. टॉम स्टीफन्सन या वार्ताहराने १९३५ साली वर्तमानपत्रात एक लेख लिहून डोंगरकण्यावरून जाणारी एक सलग लांब वाट मागितली. ती मिळायला तीस वर्षे लागली. २४ एप्रिल १९६५ रोजी पेनाइन वे उघडली, तारीख किंडरचीच. ईडेलच्या पबापासून निघून स्कॉटलंडच्या हद्दीत कर्क येटम गावच्या पबाशी संपणारी २६८ मैलांची पायपीट. तिचे पुस्तक १९६८ साली केंडलचे निवृत्त खजिनदार वेनराइट यांनी लिहिले. ही वाट त्यांना स्वतःला विशेष आवडली नव्हती, तरी जो कोणी ती पुरी करील त्याने शेवटच्या पबात अर्धा पाइंट बिअर माझ्या नावावर प्यावी, असे त्यांनी जाहीर केले. खजिनदाराने मांडलेला हा एकमेव चुकीचा हिशेब असावा. माणसे वर्षानुवर्षे येत राहिली, पीत राहिली, आणि म्हातारा १९९१ साली जाईपर्यंत हजारो पौंड भरत राहिला.

याच वाटेवर टॅन हिल नावाची खाणावळ आहे. ब्रिटनमधला सर्वांत उंचावरचा पब, ५२८ मीटर. मी जावयाला सांगितले की पुणे ५६० मीटरवर आहे. तेव्हा पुण्यातले कुठलेही अमृततुल्य ब्रिटनमधल्या सर्वांत उंच पबापेक्षा उंचावर आहे. तो म्हणाला, “बाबा, पण अमृततुल्यात बर्फात कोणी अडकत नाही.” हे खरे. २०२१ च्या नोव्हेंबरात वादळ होऊन तिथे एकसष्ट माणसे तीन रात्री अडकली. त्यांत ओएसिस या बँडची गाणी म्हणणारे एक पथक होते. एका रात्रीचा कार्यक्रम करायला आलेले. त्या पथकाचे पुढे काय झाले असेल याची मला चिंता नाही. ज्यांनी तीन रात्री तीच गाणी ऐकली त्यांची आहे. पण रस्ता मोकळा झाला तेव्हा काहींचा पाय निघेना म्हणे.

राहिली झोपडी. एनरडेलच्या वरच्या टोकाला ब्लॅक सेल. मेंढपाळाची दगडी खोपटी, १९३३ पासून हॉस्टेल, सोळा खाटा. गाडीरस्ता नाही. आम्ही बटरमिअरकडून स्कार्थ गॅपची खिंड चढून गेलो. म्हणजे जावई चढला, आणि माझ्या गुडघ्यांनी त्याला दुरून पाठिंबा दिला. चारी बाजूंना डोंगर, मधे हे एवढेसे छप्पर. आत एक नर्सबाई होत्या, एक निवृत्त बसड्रायव्हर, दोन विद्यार्थी. जेवताना सूप इकडून तिकडे देता देता नर्सबाईंनी माझ्या गुडघ्याला पट्टी बांधून दिली आणि ड्रायव्हरसाहेबांनी, मँचेस्टरला पूर्वी आपल्या बसवर कंडक्टर गुजराती होता, हे सांगून माझ्याशी नाते जोडले. बाहेर पाऊस लागला होता. सोळापैकी कोणीही कोणाला, तुम्ही करता काय आणि मिळते किती, हे विचारले नाही. आपल्याकडे हे दहा मिनिटांत समजले असते, हे मी नोंदवून ठेवतो. कौतुकाने की तक्रारीने, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

अशा जागा कमी होत चालल्या आहेत. २००१ साली गुराढोरांच्या लाळ-खुरकुताच्या साथीत वाटाच बंद झाल्या आणि हॉस्टेलांचे कंबरडे मोडले. कोरोनाच्या साथीने राहिलेले मोडले. २०२३ साली संस्थेने दीडशेपैकी वीस हॉस्टेले विक्रीला काढली. जुने वाडे, गढ्या, खोपटी यांना आता पुन्हा पैसेवाले गिऱ्हाईक आहे; गळके छप्पर नीट करून, गरम पाण्याचे टाके बसवून, ‘चारित्र्य असलेली जागा’ म्हणून ती चांगल्या भावाने देतात. चालणारा तिथे येतो, पण बहुधा गाडीतून. आमच्या लेकीने अशा एका ठिकाणचा दर फोनवर पाहिला आणि फोन उलटा करून ठेवला.

परतीच्या गाडीत मी जावयाला विचारले, “ते सगळं राहू दे. एक शिलिंग म्हणजे आताचे किती?”

“पाच पेन्स. एक्काहत्तर साली नाणी बदलली ना.”

“मग पाच पेन्सात आता काय मिळतं?”

तो थोडा वेळ गप्प राहिला. दुकानातून घेतलेली ब्रेड-दुधाची कागदी पिशवी लेकीच्या मांडीवर होती. तिने ती उचलून दाखवली.

“बाबा, २०१५ मध्ये प्लॅस्टिकची एक पिशवी मिळायची,” ती म्हणाली. “आता तिलाही दहा पडतात.”